समुद्राचं उष्टं

आमच्या शेजारचे नाना समुद्राचं उष्टं गोळा करायचे. खोटं नाही सांगत, कोसाडला आमच्या बिल्डिंगीत कोणालाही विचारा.

सारा जन्म कापडाच्या लूमवर गेला, कान गेले, म्हणून बोलणं सगळं वरच्या आवाजात. लूम बंद पडलं, तेव्हा एका कॉलेजच्या म्याडमकडं बाटल्या उचलायचं काम लागलं. होडीतून खाडीच्या तोंडाशी जायचं, पाणी भरायचं, बारीक कागदातून गाळायचं. तो कागद मशीनला घातला की तिथून कोणता मासा गेला ते कळतं म्हणे. मासा डोळ्याला दिसला नाही तरी. त्याच्या अंगाचं काहीबाही पाण्यात झडून राहतं. म्याडम त्याला डीएनए म्हणायची. नाना मला म्हणायचे, "अगं जिजी, सोपं आहे. माशानं पाणी उष्टं केलं की सापडला चोर!"

तेव्हापासून माणूस बिघडला. माझ्याकडं चहाला आले तरी कप आधी स्वतः विसळणार. नळावर कोणी हंड्यात हात घातला की गॅलरीतून ओरडणार, "ए, बाटवलं! गेलं सगळं सँपल!" खालून गीताबेन म्हणायची, "काका, आ तो दाळ धोवानुं पाणी छे!" मी दारात साड्यांचे धागे कापत बसायची, मीपण हसायची. माझा माणूस गेल्यावर हसायला तेवढंच होतं.

त्यांना शोधायचा होता करवत मासा. तोंडापुढं लांब करवत असते, दोन्हीकडून दात. ती जाळ्यात अडकते आणि मरतो बिचारा. कितीक वर्षांत कोणाला दिसला नव्हता. सापडला तर म्याडम सरकारला सांगून तिथली जाळी उठवणार होती. कागद मशीनला गेला की नानांच्या जिवाला घोर. "येईल का गं माझा करवत्या?"

आणि आला की! कागदावर निघाला. नानांनी पेढे वाटले, जिन्यात उभं राहून ओरडले, "जिता आहे! जिता आहे!" जसं काही घरचंच माणूस.

दुसऱ्या दिवशी तोंड पाडून माझ्या दारात.

"जिजी, घोटाळा झाला."

होडीवाल्याच्या देव्हाऱ्यात त्याच माशाची एक जुनी करवत टांगलेली आहे, त्याच्या आजाच्या वेळची, शेंदूर लावलेली. मासा सापडू दे म्हणून निघताना नानांनी तिला हात लावला, डोक्याला लावला. आणि त्याच हातानं बाटलीचं झाकण उघडलं.

"सगळ्या बिल्डिंगीला ओरडता, आणि स्वतः?"

"देवाचं कुठं उष्टं असतं, जिजी?"

मी म्हटलं, "गप बसा. कोणाला कळतंय? जाळी उठली तर चांगलंच आहे ना?"

"उठतील आणि जातील कुठं? दुसरीकडं पडतील. आणि तो तिथंच असला म्हणजे?"

नाना म्याडमला जाऊन सांगून आले. म्याडम ओरडली नाही, पण होडीवर दुसरा माणूस घेतला. पाणी परत तपासलं. काही निघालं नाही.

आता नाना घरीच असतात. रविवारी तेवढी बस धरून डुमसच्या किनाऱ्याला जातात, पाण्याकडं बघत बसतात, परत येतात. परवा मी बोलले, "नाना, कशाला पाय तोडता? म्याडमनं नाही म्हणून सांगितलं ना?"

"नाही असं नाही म्हणाली ती," नाना म्हणाले. "सापडला नाही म्हणाली. नाही वेगळं, सापडला नाही वेगळं."

त्यांचा पोरगा भांडून घरातून गेला, त्या वर्षी नाना पोलीस चौकीतून परत आले तेव्हाही माझ्या दारात उभं राहून हेच बोलले होते.