चिन्हातले सासरे

सासरे लॅपटॉप काखोटीला मारून लेक-जावयाच्या घरी आले आणि चपला दारात वेड्यावाकड्या सोडून थेट जेवणाच्या टेबलाशी बसले. लेकीने पाणी पुढे केलं, तेही त्यांनी घेतलं नाही. “आधी हे वाच,” म्हणाले.

फर्निचरचा कारखाना बंद केल्यापासून ‘आता आराम करा’ हे ऐकून सासरे विटले होते. त्यांनी जावयाकडूनच प्रोग्रॅमिंगचे धडे घेतले आणि गुपचूप एक ॲप केलं. प्लायवूड कसं कापलं म्हणजे कमी वाया जाईल, ते सांगणारं. लिनक्स या मोफत संगणकप्रणालीच्या एका ॲप स्टोअरकडे त्यांनी ते पाठवलं. तिथल्या तपासनिसांत जावई होता, पण त्याला पत्ता लागू दिला नाही. वशिल्याने वर आलो असं कुणी म्हणायला नको. ॲप पहिल्या पानावर लागलं की आराम करा म्हणणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद होणार होती.

त्या स्टोअरमध्ये सगळं फुकट होतं, तरी पहिल्या पानासाठी मारामारी होती. तिथे जे लागे ते घरोघरी पोहोचे. खाली राहिलेलं ॲप करणाऱ्याखेरीज कुणाला दिसत नसे. पानावर नेहमी त्याच चारपाच जणांची वर्णी लागते, अशी ओरड झाली, तेव्हा जावयानेच आकाशपाताळ एक करून नियम करवून घेतला होता: तपासणाऱ्याला ॲप करणाऱ्याचं नाव दिसायचं नाही आणि करणाऱ्याला तपासणाऱ्याचं. ॲपचं काम एकाने बघायचं आणि रूप दुसऱ्याने. रूप बघायचं काम जावयाकडे होतं.

“ॲपचं चिन्ह बदलावं,” जावयाची बायको स्टोअरकडून आलेला शेरा वाचू लागली. “टक्कल पडलेला कुणी म्हातारा रागाने बघतोय. नवा माणूस दचकेल. पहिल्या पानावर नको.”

जावयाचा घास हातातच राहिला. शब्द न् शब्द त्याचा होता. चिन्ह नखाएवढं दिसत होतं हे खरं, पण त्यातले सासरे नखाएवढे झाले तरी ओळखू यायला हवे होते.

“कोण आहे हा शहाणा?” सासऱ्यांनी विचारलं.

“नावं झाकलेली असतात, बाबा,” लेक म्हणाली.

“हे कुणाच्या डोक्यातून निघालं?”

“माझ्याच,” जावई म्हणाला. निदान एवढं तरी खरं बोलता आलं, याचं त्याला बरं वाटलं.

सासऱ्यांनी मग त्यालाच तक्रार लिहायला बसवलं. तपासणारा ‘जरा घाईतला असावा’ असं जावयाने लिहिलं; सासऱ्यांनी ते खोडायला लावून ‘उथळ आणि उद्धट’ घालायला सांगितलं. ‘म्हाताऱ्यांचा दुस्वास करणारा’ हेही आलं. जावयाने इतकं मन लावून स्वतःला झोडपलं की सासऱ्यांचा राग निम्मा उतरला. बायको मात्र तो शेरा पुन्हा पुन्हा वाचत होती.

तक्रार नियमाप्रमाणे दुसऱ्या तपासनिसाकडे जाणार होती. पाठवण्याआधी सासरे म्हणाले की चेहऱ्याचाच अडसर असेल तर चेहरा बदलू. “तुमचा फोटो लावतो. माझ्या बाजूने तुमच्याइतकं कोण उभं राहिलं?” नाही म्हणायला जावयाला एकही कारण सुचेना. फोटो काढताना तो हसलासुद्धा, म्हणजे दात दाखवले.

आठवड्याभराने निकाल आला. सासरे तो घेऊन आले आणि या वेळीही लेकीनेच वाचला.

“काम उत्तम. पहिल्या पानावर घ्यायला हरकत नाही. फक्त जुने आजोबा परत आणावेत, त्यांचा भरवसा वाटतो. हा नवा माणूस काहीतरी लपवतोय.”

पहिल्या पानाची गोष्ट सासऱ्यांनी ऐकलीच नाही. ते लालबुंद झाले. “माझ्या जावयाला असं बोलतो? बसा हो, लिहा.”

जावई लॅपटॉप ओढून बसला.

“थांबा बाबा,” बायको म्हणाली. “या तपासनिसाला माणसं कळतात.” मग ती नवऱ्याकडे वळली. “आता तू सांगतोस, की मी सांगू?”