होडी मागावयाच्या पडद्याची हकीकत

श्रीगणराय समर्थ. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी, कोण्या एके राज्यी वर्तले ते साद्यंत निवेदन करितो. सज्जनांनी कान द्यावा आणि मन घट्ट करावे.

त्या राज्यी विसाजी अनंत म्हणोन चिटणीस होते. हुजुरात एआयचे यंत्र आले होते. मोबाईलचे पडद्यावर काय कोठे असावे ते त्यास लिहून द्यावे, आणि त्याने रेघा-चौकटींचा कच्चा आराखडा काढावा, ज्यास टोपीकरांचे बोलीत वायरफ्रेम म्हणतात. ती आज्ञा, म्हणजे प्रॉम्प्ट, लिहिण्यात पंतांचा हात धरील ऐसा दुसरा नव्हता. मग हुकूम जाहला की प्रजेने सरकारास हाक मारावी ऐसा पडदा करावा. पंतांची लेक सगुणाबाई नदीकाठी खालच्या वाडीत दिली होती, ती माहेरी आली तेव्हा म्हणाली, "आबा, पाणी चढलं की आम्हाला दुसरं काही नको. होडी मागायला जागा तेवढी ठेवा." पंतांनी ते काळजात धरिले आणि लिहिले की, पाहणारी बाई भिजलेली, कडेवर मूल, एक अंगठा मोकळा, वाचावयास उसंत नाही, सबब एकच मोठे बटण असावे, 'होडी पाठवा', आणि दुसरे काही नसावे. यंत्राने तैसेच काढिले, आणि पंतांस बरे वाटले.

मग तो प्रॉम्प्ट दिवाण मल्हाररावांचे नजरेस पडला. त्या दरबारी रिवाज ऐसा की सरकारी लिखाणात अशुभ अक्षर येऊ नये. दिवाण म्हणाले, "महाराजांचे राज्यात बाई भिजली कोठून? पूर लिहिला म्हणजे पूर येतो, पंत. बदला." न लिहिल्याने नदी थांबत नाही, हे पंतांचे ओठांवर आले होते, परंतु पाण्यात राहून माशाशी वैर कोण करील? त्यांनी नवे लिहिले: 'प्रजा सुखी आहे, तिचे सुख हुजुरास कळावे ऐसा शोभिवंत पडदा करावा.' यंत्रास नदी ठाऊक नाही, लेक ठाऊक नाही, लिहिले तेवढेच ठाऊक. त्याने वर छत्र काढिले आणि खाली दोन बटणे: 'सुखी' आणि 'फार सुखी'. तोच पडदा प्रजेचे मोबाईलांत उतरला. दिवाणांनी पंतांस शालजोडी दिली आणि पंतांनी ती पांघरली, हे लिहिताना लाज वाटते.

भाद्रपदी नदी फुगली आणि भल्या सकाळी खालच्या वाडीत पाणी शिरले. लोकांनी पडदे उघडले, होडी कोठे मागावी ते कळेना, मग काही तरी दाबले म्हणजे कोणी तरी येईल या आशेने सापडेल ते बटण दाबू लागले. कोणी कोणते बटण दाबिले ते दाखविणारा फलक हुजुरात होता, त्यावर नावे उमटू लागली, आणि दिवाण म्हणाले की आजच्याइतकी प्रजा कधी सुखी नव्हती, आणि साखर वाटविली. होड्या घाटास बांधलेल्याच राहिल्या. पंत हाती साखर घेऊन फलकापाशी उभे, तो अक्षरे आली: सगुणाबाई, खालची वाडी, फार सुखी. पुन्हा आली, फार सुखी. पुन्हा आली. पंत शालीनिशी घाटाकडे धावत सुटले, आणि त्यानंतर ते नाव फलकावर उमटले नाही.

एकंदर मजकूर इतकाच. यंत्राने चूक केली नाही. त्यास सांगितले ते त्याने काढिले. सांगावयाचे काय होते, ते पंतांस ठाऊक होते.