खिडकी पुसायच्या काठीला लॅकर

घाडीकाका लिफ्टमध्ये असले की बाकीच्यांनी वाकून उभं राहायचं, हा आमच्या टॉवरचा अलिखित नियम आहे. काकांसमोर नव्हे, काकांच्या काठीसमोर. खिडक्यांच्या काचा पुसायची ही काठी लिफ्टपेक्षा लांब आहे. ती तिरपी धरावी लागते. एक टोक काकांच्या चपलेपाशी, दुसरं समोरच्या कोपऱ्यात छताला आणि मधली माणसं तिच्याखाली. कोणाचा खांदा लागलाच तर काका दचकून म्हणतात, "सांभाळून हो! लॅकर आहे." खांद्याचं काय झालं हे त्यांनी आजवर कोणालाही विचारलेलं नाही.

आमची लालबागची चाळ पाडून तिथेच हा टॉवर उभा राहिला. घरं चिठ्ठ्या टाकून वाटली, तरी माझ्या भिंतीपलीकडे पुन्हा घाडीकाकाच आले. नशिबात असतं ते चिठ्ठीतही असतं. मधली काही वर्षं आम्ही सगळ्यांनी अँटॉप हिलला ट्रान्झिटच्या घरांत काढली. घाडीकाकू तिथेच गेल्या. नव्या घराची चावी घ्यायला काका एकटेच आले होते. मुलगी लग्न होऊन बडोद्याला, त्यामुळे घरात काका आणि काठी.

काका मूळचे मालवणकडचे. नोकरी विमा कंपनीत केली आणि तिथे त्यांचं काम एकच, लोकांचे दावे नाकारायचे. वस्तू वापरून वापरून जी झिजते, तिची भरपाई विम्यात मिळत नाही. त्यामुळे कोणी मोडकं यंत्र घेऊन रडत आलं की काका त्यावर लिहायचे, 'नैसर्गिक झीज. क्लेम नामंजूर.' नोकरी संपली, वाक्य राहिलं. माझे केस विरळ झाले तेव्हा ते माझ्या टाळूकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "नैसर्गिक झीज, मोहन. क्लेम नामंजूर." माझी बायको सुजाता गुडघा धरून बसली, तरी तेच. तिने तेव्हा त्यांचा चहा नामंजूर केला, म्हणून निदान गुडघ्यांचा विषय बंद झाला.

अशा माणसाने एका काठीची झीज थांबवण्यासाठी उतारवय खर्ची घालावं, याचं मला फार नवल वाटायचं.

काठी सागवानी. चाळीच्या वेळची. तिच्या टोकाला फडकं बांधायची खाच आहे, आणि तिला काकांनी जुन्या छत्रीच्या कापडाचा अभ्रा शिवलेला आहे. दरवर्षी थंडी सरली की तिचा सोहळा सुरू होतो. पावसात लॅकर मारला तर तो दमट हवेने पांढरा पडतो, म्हणून मुहूर्त फाल्गुनातला. थिनरच्या वासावरून सोसायटीत तक्रार झाली तेव्हापासून हा कार्यक्रम गच्चीवर होतो. आधी पॉलिश पेपरने घासायचं, मग कोरड्या फडक्याने पुसायचं, मग मलमलच्या पुरचुंडीने लॅकरचा पातळ हात द्यायचा. तो सुकला की पुन्हा पेपर, पुन्हा लॅकर. मी एकदा म्हटलं, "काका, आता आरशासारखी झाली की. पुरे." ते काठीवर नजर तिरपी करून म्हणाले, "अजून एक हात मागतेय ती."

फक्त एका जागी ते पेपर लावत नसत. काठीच्या मध्याच्या जरा खाली, छातीच्या उंचीवर, वीतभर भाग दबल्यासारखा झाला होता. त्याच्या वरच्या बाजूला बारीक बारीक चरे होते. तेवढा भाग काका सोडून द्यायचे आणि शेवटी बोटाने हलकेच लॅकर लावायचे. मी शहाणपणाने सुचवलं, "तिथे पुट्टी, लांबी काहीतरी भरून घ्या ना. सपाट होईल." झालं! काका उठून उभे राहिले.

"तुझ्या तोंडात भरतंय लांबी! मेल्या, माका शिकवतंस?"

काका एरवी आपल्यासारखंच बोलतात. मालवणीत ते दोनच वेळा शिरतात, चिडले की आणि हळवे झाले की, असं काकू सांगायच्या. चिडलेले मी रोज ऐकत होतो. हळवे झालेले कधी ऐकले नव्हते, त्यामुळे काकूंचं ते म्हणणं मी नवऱ्याच्या कौतुकाच्या खात्यात टाकलं होतं.

काठी ते उसनी देत, पण मुलगी देताना लोक जेवढी चौकशी करतात तेवढी करून. मी एकदा मागायला गेलो. "हात धुतलेस?" धुतले होते. "साबणाने?" पुन्हा धुतले. "अंगठी काढ, चरा पडेल." काढली. मग ते काठी घेऊन स्वतःच आमच्या घरी आले, सोफ्यावर बसले, आणि मी काच पुसत असताना एकेक सूचना द्यायला लागले. "डावीकडे राहिलं. वर. अजून वर. आता फडकं पिळ." काच लखलखीत झाली आणि माझा खांदा उतरला. सुजाता स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती.

त्या अपमानापोटी मी ऑनलाइन ॲल्युमिनियमची काठी मागवली. एकात एक सरकणाऱ्या नळ्या, हवी तेवढी लांब करा. काकांनी ती दोन बोटांत धरून पाहिली. "ही काठी? हा तर छत्रीचा दांडा रे." मी ती पूर्ण लांब करून ऐटीत काचेला लावली, आणि ती सुर्रकन मिटून माझ्या कोपरापर्यंत आली. काकांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "नामंजूर ना? कळलं."

आता होळीचं सांगतो.

टॉवर झाला तरी आमच्या कंपाउंडात होळी लागतेच. फक्त लाकडांची पंचाईत होते. चाळीत मोडक्या खाटा, फळ्या, कुजके दरवाजे असायचे. आता सगळ्यांच्या घरी प्लायवूड. म्हणून आमचा सेक्रेटरी संदेश वर्षभर गच्चीच्या कोपऱ्यात लाकूडफाटा जमवून ठेवतो. होळीच्या दिवशी मंडपवाल्याची माणसं तो खाली आणून रचतात. मध्ये एक उंच दांडा उभा करतात, त्याला झेंडूच्या माळा गुंडाळतात, बायका हळदकुंकू लावतात, आणि दिवे लागायच्या सुमाराला होळी पेटते.

काकांचा होळीतला आवडता किस्सा दरवर्षी ठरलेला. तरुणपणी त्यांनी चाळमालकाचं नवंकोरं बाकडं उचलून होळीत टाकलं होतं. मालक बोंबलत आला तेव्हा काकांनीच त्याला ऐकवलं होतं, "होळीत उभं राहिलेलं लाकूड मागायचं नसतं शेठ. मागितलं की घराला लागतं." कोकणातला जुना रिवाज. मालक मुकाट्याने परत गेला आणि चाळीत काकांचं नाव झालं.

यंदा होळीच्या सकाळी काकांनी काठीला शेवटचा जाड हात दिला, ती गच्चीवर सुकायला टेकवून ठेवली आणि आमच्याकडे पुरणपोळी जेवायला आले. पोळ्या दणकून झाल्या. तुपामुळे असेल, काका घरी जाऊन जे लवंडले ते संध्याकाळीच उठले.

मी आणि सुजाता खाली गेलो तेव्हा पूजा आटपली होती. काका नारळ घेऊन आले, होळीला प्रदक्षिणा घालायला निघाले आणि मध्येच थबकले. मी त्यांच्या नजरेच्या मागे पाहिलं. होळीच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत झेंडूत गुंडाळलेला उंच दांडा दिमाखात उभा होता. माळांच्या फटींतून तो चकाकत होता. असा चकाकणारा दांडा मुंबईत एकाकडेच असणार.

मी कानांत बोटं घालायच्या बेतात होतो. पण त्यांनी नारळ हातात धरूनच नमस्कार केला आणि बाजूच्या बाकावर जाऊन बसले.

"काका, अहो, तुमची काठी! संदेशला सांगतो, काढून देईल." मी म्हणालो.

"नको."

"का नको? चुकून गेलीय."

"होळीतला लाकूड मागूचा नसता." ते सावकाश म्हणाले. "मीच सांगितलंय ना जन्मभर सगळ्यांना? आता माझं लाकूड गेलं म्हणून रिवाज बदलू?"

मला त्यांचा राग आला. मी म्हटलं, "मग राहू दे. तशीही जुनी झाली होती. आपण नवी सागवानी करून घेऊ, हवे तेवढे हात मारू लॅकरचे."

काका होळीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "नवीन काठयेक तिचो हात खय असतलो रे?"

तो वीतभर दबलेला भाग माझ्या डोळ्यांसमोर आला. चाळीतली ती उंच तावदानं, आणि रोज सकाळी टाचा उंचावून ती पुसणाऱ्या घाडीकाकू आठवल्या. काठी त्यांनी नेहमी त्याच जागी धरलेली असायची. मनगटात बांगड्या असायच्या आणि त्या काठीवर किणकिणायच्या. ते बारीक चरे बांगड्यांचे होते. मी तिथे लांबी भरायला सांगत होतो! स्वतःला एक ठेवून द्यावीशी वाटली.

तिकडे संदेश काडेपेटी शोधत होता.

सुजाता इतका वेळ आमच्या मागे उभी राहून ऐकत होती. ती पुढे आली. "काका, मागायचं नसतं, एवढंच ना?"

"हां."

"आणि चोरायचं?"

काकांनी मान वर केली. जन्मभर दाव्यांची कलमं तपासलेला माणूस तो. कपाळाला आठ्या घालून त्यांनी कोकणचा सगळा रिवाज मनातल्या मनात चाळला असावा. "होळीला लाकूड चोरूनच आणतात," ते हळूच म्हणाले. "होळीतून चोरू नये असं... कुठे काही म्हटलेलं नाही."

"मग झालं तर," सुजाता म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही वरून तो तुमचा छत्रीचा दांडा आणा. पळा."

मी ॲल्युमिनियमची काठी घेऊन खाली येईपर्यंत सुजाताने संदेशला अडवून धरलं होतं. होळी पेटवण्याआधी सगळ्यांचा एक फोटो झालाच पाहिजे, आणि त्यात मागे टॉवर आलाच पाहिजे. संदेशला सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकायची भारी हौस. त्याने सगळ्यांना होळीकडे पाठ करून उभं केलं. मोबाइलवाली सुजाता म्हणत होती, "जरा जवळ या. शिरोडकर वहिनी, हसा ना! कोणी मागे वळू नका, डोळे मिटलेले येतात."

इकडे मी काठी उपटून बाकामागे आडवी सरकवली. काका पाळत ठेवायला उभे होते, म्हणजे नारळ दोन्ही हातांत घट्ट धरून इतक्या चोरट्या नजरेने चौफेर बघत होते की एखाद्याने नुसतं बघून पोलीस बोलावले असते. माळा उतरवल्या, नळ्या पूर्ण लांब केल्या, त्यांना माळा चढवल्या आणि नवा दांडा मध्ये रोवला. तो जेमतेम उभा राहिला. होळी पेटली. काकांनी इतक्या जोरात बोंब मारली की कंपाउंडातली लहान पोरंही थांबून बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळवडीला सगळे खाली जमले तेव्हा राखेत एक चंदेरी नळी कमरेत वाकून बसलेली होती. संदेश डोकं खाजवत होता. "हे काय? होळीत ॲल्युमिनियम कोणी टाकलं?"

काका पुढे झाले, चष्मा वर सरकवून त्यांनी नळीची रीतसर पाहणी केली आणि निकाल दिला, "नैसर्गिक झीज. क्लेम नामंजूर."

मग आम्ही दोघे गच्चीवर गेलो. शेवटचा हात जाड बसलेला होता, त्यात झेंडूच्या पाकळ्यांचे तुकडे आणि माळेचे दोरे चिकटले होते. काका पॉलिश पेपर घेऊन बसले आणि वरून खाली घासत आले. त्या दबलेल्या जागेपाशी आल्यावर थांबले. तिथे कोणीतरी लावलेलं कुंकू लॅकरमध्ये पक्कं बसलं होतं, अगदी बांगड्यांच्या चऱ्यांशेजारी.

"पुसू?" मी फडकं उचललं.

"राहू दे." काका म्हणाले. मग पेपर खाली ठेवून बोलले, "ती उंचीने बेताचीच रे. वरच्या तावदानाला हात पोचायचा नाही तिचा. आणि मी खाली बसल्या जागेवरून सांगायचो, डावीकडे राहिलं. अजून वर. एकदा तरी उठून काठी घ्यायची की नाही? नाही घेतली." "मोठ्या खिडक्यांचं घर मिळणार म्हणून केवढी खूश होती."

काकांनी काठी उचलून माझ्या हातात दिली आणि माझं मनगट धरून पंजा बरोबर त्या जागेवर ठेवला. तो नीट बसेना. जागा माझ्या हातापेक्षा लहान होती. मी हात धुतलेत की नाही, हे काकांनी विचारलं नाही. अंगठीही तशीच बोटात होती.

"झिजलीय ना?"

"हो काका. चांगलीच झिजलीय."

"ही एवढी मंजूर," काका म्हणाले, आणि लॅकरचा डबा उघडायला बसले.