खांब चाचपणारा शरद

शरद पहिल्यांदा माझ्या घरी आला तेव्हा मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याने तो घेतला नाही. खोलीच्या कोपऱ्यातल्या खांबावर बोटाने टकटक केली आणि विचारलं, "मावशी, याच्या खाली काय आहे?"

"खाली पाटलीणबाई आहेत," मी म्हटलं.

तो चप्पल न घालता जिना उतरला. पाटलीणबाई जेवत होत्या. त्यांच्या ताटाला वळसा घालून त्याने त्यांच्या खोलीचा तोच कोपरा पाहिला, वर आला आणि मग पाणी प्यायला. "आहे. कॉलम सरळ खाली गेलाय."

माणूस चक्रम आहे हे मला तेव्हाच कळलं. पण समोरच्याच ब्लॉकमध्ये राहायला आला होता, इलाज नव्हता.

शरद घरी बसून काम करतो. इंजिनिअर मापं पाठवतात, हा कॉम्प्युटरवर बिल्डिंगचे कॉलम उभे करतो. मला एकदा दाखवलं. भिंत नाही, दार नाही, नुसते खांबच खांब, बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांड्या रिकाम्या असाव्यात तसे.

"कॉलम तळापासून गच्चीपर्यंत एका फटक्यात ओढायचा नाही मावशी. मजल्यामजल्याला तोडायचा. खालचं टोक खालच्या मजल्याला बांधायचं, वरचं वरच्या. मग मजला वर उचलला की कॉलमपण वाढतो."

"आणि बांधला नाही तर?"

त्याचा चेहरा उतरला. एका बिल्डिंगमध्ये त्याच्याकडून एक कॉलम बांधायचा राहिला होता. पुढे मजला वीतभर उंच करायचं ठरलं. मजला वर गेला, कॉलम होता तेवढाच राहिला. मध्ये फट. खोदकाम सुरू व्हायच्या आधीच इंजिनिअरने ती पकडली. दुरुस्त झालं, सगळे विसरले. शरद विसरला नाही.

"मग ती बिल्डिंग कॉम्प्युटरातच पडायला हवी होती," मी म्हटलं.

"तीच तर पंचाईत आहे. कॉम्प्युटरात काही पडत नाही. हवेतसुद्धा उभं राहतं!"

तेव्हापासून हा लग्नाला गेला तर हॉलचे खांब बघतो. देवळात देवाकडे पाठ करून सभामंडपाचे बघतो.

पुढे ती फट सापडलेली बिल्डिंग पळस्प्याला उभी राहिली आणि नेमका तिथेच त्याच्या मुलीने, मेघाने, फ्लॅट घेतला. हा म्हणाला, "घेऊ नकोस. मी काढलीय ती." जावई भडकला. "स्वतःच्या कामावर भरवसा नाही, तर करता कशाला?" शरद वास्तुशांतीला गेला नाही. मुलगी बोलायची बंद झाली. बायको आधीच वारलेली.

मग तो दर रविवारी पळस्प्याला जाऊ लागला. वर नाही, पार्किंगमध्ये. खांबांना हात लावायचा, कान लावायचा. वॉचमनला वाटलं चोर. त्याने हाकलून दिलं, तेव्हा शरद माझ्याकडे आला. "मावशी, तुम्ही चला सोबत. म्हातारं माणूस बरोबर असलं की कोणी हटकत नाही."

गेले. रिक्षातून उतरल्याबरोबर तो एका खांबाला तळहात टेकून उभा राहिला. "हाच तो, बांधायचा राहिलेला. वर मेघाच्या ओट्याजवळून जातो."

"मग वर जाऊन बघ."

"तिने बोलावलं नाही."

"वास्तुशांतीला बोलावलं होतं. कोण नाय गेलं?"

त्याने खांबाला कान लावला. खांब धडधाकट होता, याचाच पाय वर निघत नव्हता. मला ते बघवेना. मी बाहेर अंगणात गेले आणि वर तोंड करून ओरडले, "मेघा! ए मेघा! तुझा बाप खाली खांब धरून उभा हाय!"

सगळ्या गॅलऱ्या भरल्या. वॉचमन धावत आला. तिसऱ्या मजल्यावरून मेघा वाकली. शरद पार्किंगमधून बाहेर आला. मला वाटलं, आता तरी चुकलो म्हणेल.

तो ओरडला, "ओट्याजवळच्या कॉलमला चीर नाही ना गेली?"

मेघा कठड्यावरून आणखी वाकली. मग पालथ्या हाताने नाक पुसलं. "मला काय कळतंय त्यातलं, बाबा? वर येऊन बघा."

तो गेला. मी वॉचमनच्या खुर्चीवर बसले. बराच वेळ झाला, शरद काही खाली येईना. एक खांब बघायला इतका वेळ लागत नाही. मी रिक्षा केली आणि एकटीच घरी आले.