पंधरा अँपियरचे पाहुणे

मल्लिनाथअप्पा कुणाच्याही घरी गेले की पाणी नंतर पितात. आधी विचारतात, "पंधरा अँपियरचा सॉकेट कुठं हाय?"

घरचं माणूस गोंधळून भिंतीकडं बघतं, तोवर अप्पांनी पिशवीतून होल्डरसकट बल्ब काढलेला असतो. एक वायर फेजमध्ये, दुसरी अर्थिंगमध्ये. बल्ब लख्ख पेटला तर घर खानदानी. मिणमिणला तर त्या घरात कितीही सोनं-नाणं असो, अप्पांच्या मनातून ते उतरलंच.

पुतणीसाठी स्थळ बघायला तेर गावाच्या पुढं गेले होते. मुलगा नोकरीला, बागायत शेती, सासू हसतमुख. परत आल्यावर सगळ्यांनी घेरलं, कसं काय वाटलं? अप्पा म्हणाले, "माणसं लई गोड. पण अर्थिंगच न्हाई." लग्न झालं, पुतणी सुखात आहे. अप्पा मात्र तिच्या सासरी उभ्या उभ्या जाऊन येतात.

हे सगळं त्यांच्या इलेक्ट्रिक गाडीमुळं. अर्थिंग नीट नसलं तर ती चार्जिंगच घेत नाही. अप्पा साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. हयातभर नट-बोल्ट वाटले. आटे जुळतात का हे स्वतः फिरवून बघितल्याशिवाय त्यांनी चीफ इंजिनिअरलासुद्धा बोल्ट दिला नाही. अशा माणसानं रिटायर झाल्यावर पुण्याच्या एका टॅक्सीवाल्याची जुनी गाडी घेतली. टायर दाबले, स्टेपनी उतरवून बघितली, चारी दारं चार-चारदा आपटली. फक्त एक बघायचं राहिलं. चार्जिंगचं तोंड.

"पेट्रोलची नळी कुठल्याबी गाडीत बसती की, ताई," असं त्यांचं त्यावर म्हणणं. "हेबी तसंच असंल वाटलं."

तसं नव्हतं. येडशीला हायवेवरच्या हॉटेलासमोर मोठा चार्जर लागला, तेव्हा अप्पा आम्हा गल्लीतल्या तिघी-चौघींना मुद्दाम गाडीत घालून तो सोहळा दाखवायला घेऊन गेले. चार्जरच्या गनला वर बारीक भोकांचा गोल आणि खाली दोन जाड भोकं. अप्पांच्या गाडीचं तोंड नुसतंच गोल. अप्पांनी गन सरळ लावली, उलटी लावली, आडवी लावली. मग आम्हाला म्हणाले, "जरा गाडी दाबून धरा." आम्ही धरली. दुसऱ्याच्या चपलेत पाय कोंबावा तसा प्रकार चालला होता.

हॉटेलचा मॅनेजर धावत आला. "अवं अप्पा, मोडताल! तुमच्या गाडीचं तोंड जुन्या पद्धतीचं हाय. आता समद्या नव्या गाड्यांना ही गन."

"मग जुनी गन कुठं घावंल?"

"पुण्याकडं व्हत्या म्हणं चार-दोन. बंद पडल्या."

अप्पांनी गन रुमालानं पुसून जाग्यावर ठेवली आणि गाडीत बसता बसता म्हणाले, "चार्जरच चुकीचा बसवलाय ह्यांनी."

तेव्हापासून ही गाडी घरगुती सॉकेटवर जगते. म्हणजे सकाळी लावली की दिवस मावळेपर्यंत हलायचं नाव नाही. आणि बाहेरगावी गेली की कुणाच्या तरी घरीच लावावी लागते. बायको गेल्यापासून अप्पा कुठं जात नसत. बिनकामाचं कुणाच्या दारात बसायचं नाही, हा त्यांचा नियम. आता तेरच्या थोरल्या बहिणीकडं महिन्याला जातात. बहीण हुरडा भाजते, धपाटे थापते, भाऊ जेवून झोपून उठतो तरी गाडी निम्मीच भरलेली. मग रात्रीचा मुक्काम आलाच. "माझा इलाज न्हाई," अप्पा सांगतात. "गाडी अडकली."

धाराशिवात असले की गाडी माझ्याकडं. माझी पिठाची गिरणी त्यांच्या घराला लागूनच आहे आणि गिरणीचं अर्थिंग उत्तम आहे, असं प्रमाणपत्र खुद्द अप्पांनी दिलंय. दिवसभर पोत्यावर बसून गिऱ्हाइकांशी बोलायचं, ज्वारी ओली आहे म्हणून सांगायचं, माझा चहा प्यायचा. त्यांच्या स्वतःच्या घराचं अर्थिंग का करत नाहीत, म्हणून मी चारदा विचारलं. खड्डा, पाईप, मीठ, कोळसा, एका दुपारचं काम. "खाली मुरूम लागतो," म्हणाले. मग म्हणाले, "पावसाळा होऊ द्या." किती पावसाळे झाले.

त्यांचा मुलगा महेश पुण्यात. सकाळी येतो, दुपारी निघतो, मधला वेळ फोनवर. त्याला वडिलांच्या गाडीची लाज वाटायची. त्यानं सोलापूरच्या शोरूममध्ये जुनी देऊन नवी घ्यायचं ठरवलं. शनिवारी यायचं, जुनी चालवत सोलापूरला न्यायची, संध्याकाळी नवी अप्पांच्या दारात लावायची आणि रातोरात पुण्याला परत. मला फोनवर म्हणाला, "काकू, तुम्ही समजावा. ते तुमचं ऐकतात."

ते कुणाचंच ऐकत नाहीत, पण मी समजावलं. "अप्पा, नव्या गाडीला कुठलीही गन बसते. येडशीला लावली की अर्ध्या तासात मोकळे. कुणाच्या दारात जायला नको."

अप्पा पोत्याच्या सुतळीशी चाळा करत बसले होते. म्हणाले, "ताई, अर्ध्या तासासाठी कुणी जेवायला थांब म्हणतं का?"

गिरणी चालू होती. ऐकू आलं नाही, असं दाखवून मी दळण ओतलं.

शुक्रवारी संध्याकाळी गाडी पुरी भरली. वायर मी स्वतःच्या हातानं काढली. शनिवारी उजाडायच्या आत अप्पा गाडी घेऊन रामलिंगला गेले. आले, चहा घेतला आणि परत रामलिंगला गेले. दुसऱ्या खेपेला एसी पुरा आणि चारी काचा खाली. देवाला एवढं काय सांगायचं राहिलं होतं, मला माहीत नाही. दहा वाजता महेश आला, तेव्हा गाडीत नावाला चार्जिंग उरलं होतं.

"अहो बाबा, एवढ्यात सोलापूर कसं येईल?"

"न्हाई येत," अप्पा म्हणाले.

"मग येडशीला लावू फास्ट चार्जरला."

"बसत न्हाई नं, लेका. तूच तर सांगतोस समद्यांना."

महेशनं शोरूमला फोन केला. गाडी आज नाही तर उद्या आणा, म्हणाले. मग त्यानं बापाकडं बघितलं, गाडीकडं बघितलं आणि शेवटी माझ्याकडं वळला. "काकू, काल लावली नव्हती का चार्जिंगला?"

अप्पा गाडीची काच पुसायला लागले. ती पुसलेलीच होती. माझ्याकडं बघायची त्यांची छाती झाली नाही.

माझ्या काट्यात कधी दहा ग्रॅमचा फरक कुणी काढलेला नाही. बोलायच्या बाबतीतही माझा तोच हिशोब.

"काल लाईटच नव्हती," मी म्हणाले.

महेशनं सुस्कारा टाकला. बायकोला फोन लावून आज येत नाही म्हणून सांगितलं, फोन खिशात घातला आणि ओट्यावर बसून बुटांच्या लेस सोडायला लागला. मी गाडीची वायर सॉकेटला लावून दिली. अप्पा तोवर घरात शिरले होते. आतून भांड्यांचा आवाज आला, मग त्यांचा.

"महेश, वरण आंबट करू का साधं?"