मेलेली सोंगटी घरात जाईल

सारीपाटाचे नियम अख्ख्या बीड जिल्ह्यात कुणाला तोंडपाठ असतील, तर ते मला! आमच्या नेकनूरची स्पर्धा दोन वर्षं भांडणात मोडली. प्रत्येक गावाचा नियम निराळा! तिसऱ्या वर्षीही भांडण झालं तर स्पर्धा कायमची बंद, असं ठरलं. मी म्हणालो, "सोडा काळजी! नियम मी लिहितो." लिहिलेही. दहा फुटी बॅनरवर, माझ्या फोटोसकट!

अंतिम सामना आमचे माजी सरपंच आप्पा आणि चकलांब्याच्या साखराबाई यांच्यात लागला. साखराबाई म्हणजे माझ्या सासूबाई. कवड्या अशा टाकतात, जणू आधीच दम देऊन ठेवलाय!

त्यांची एकच सोंगटी उरली, आप्पांच्या दोन. आप्पा मारायला टपलेले. इतक्यात सासूबाईंनी चष्मा लावून बॅनर वाचला.

"युवराजराव, 'मेलेली सोंगटी घरात जाईल' हे तुमीच लिवलंय न्हवं?"

"मग!"

"अन् खाली, 'ज्याच्या सगळ्या सोंगट्या आधी घरात, तो जिंकला.' म्हंजी मेलं की सुटलं!"

मी बॅनर पुन्हा वाचला. मेलेली सोंगटी मधल्या घरातून पुन्हा पहिल्यापासून चालते, हे लिहायचंच राहिलं होतं!

पुढच्याच दानाला त्यांनी सोंगटी आप्पांच्या तोंडाशी नेली. "मारा, आप्पा!"

"कावून मारू? येडा हाय का मी?"

मारायचं दान पडलं की आप्पा दुसरीच सोंगटी चालवायचे. असं करता करता त्यांची ती दुसरी सोंगटी घरात गेली. राहिली एकीला एक. आप्पांनी कवड्या टाकल्या. चार! सासूबाईंची सोंगटी बरोब्बर चार चौकोन पुढं. आणि दान सोडायचं नाही, हाही माझाच नियम!

"मारलं म्या अन् जिंकल्या ह्या?" आप्पा गरजले.

मी खुर्चीवर चढलो. "नियम म्हणजे नियम! साखराबाई विजयी!"

नेकनूरकर बॅनर फाडायला धावले, चकलांबेकर बाह्या सारून उठले.

"बसा खाली समदे!" सासूबाई ओरडल्या. "मरून जिंकायचं तर खेळायचं कशाला? माजी सोंगटी पयल्यापासनं चालू द्या."

खेळल्या, आणि एका दानानं हरल्या. उठताना आप्पांना म्हणाल्या, "लई दिसानं खेळल्यावानी वाटलं बघा."

स्पर्धा वाचली! यंदा नियम ते दोघं मिळून लिहिणार आहेत. पत्रिकेत माझंही नाव आहे, 'पाण्याची सोय' या मथळ्याखाली. जार किती आणायचे, तेही दुसऱ्यानंच लिहून दिलंय!