मोजा

धावपट्टी दिसली न दिसली तोच वाऱ्यानं असा दणका दिला, की आईची विणकामाची पिशवी मांडीवरून उडाली, छताला आपटली आणि परत मांडीत पडली. आईनं ती पोटाशी आवळली. बाबा होते तोवर ती या विमानात कधी बसली नव्हती. आज बसली, तीही लेकीशेजारी, त्यांच्याच जागेवर.

विमान खेकड्यासारखं तिरकं तिरकं खाली निघालं होतं. चालवत होती लेक. वारा कुठून येतो ते कळावं म्हणून धावपट्टीशेजारच्या खांबावर कापडी मोजा लावलेला असतो. आज खांब बोडका दिसत होता. तिनं रेडिओवर धावपट्टीच्या राखणदाराला विचारलं. खरखरीतून एवढंच आलं, "मोजा... मोजा..."

मोजा उडाला हे लेकीला कळलं. पण हेडफोन आईच्याही कानांवर होता. परका माणूस अहो-जाहो करून काही सांगतोय म्हटल्यावर तिनं डोळे मिटले आणि टाके मोजावेत तशी मोजायला लागली. एक, दोन, तीन. धक्का बसला की टाका निसटल्यासारखी पुन्हा एकपासून.

चाकं टेकणार तेवढ्यात वाऱ्याच्या झोतानं डावा पंख उचलला गेला.

"आई, वर जावं लागेल."

"इतक्यात नको. तुझे बाबा गेले तेवढं पुरे."

लेकीनं इंजिनाचा जोर वाढवणारा थ्रॉटल पुढे रेटला. मन धजलं नाही तर पुन्हा वर जायचं, त्यात लाज कसली, असं बाबा सांगायचे. लाज वाटत नव्हतीच. भीती वाटत होती. घरात आता दोघीच उरल्या होत्या, आणि दोघीही या एवढ्याशा पत्र्यात होत्या.

फेरी मारून ती पुन्हा खाली आली. शेजारी मोजणी चालूच होती. एक, दोन, एक. एक, दोन, तीन, एक. आणि मग आईचा आकडा न तुटता पुढे सरकत राहिला. वारा दम खातोय हे लेकीला त्यावरूनच कळलं. तिनं थ्रॉटल मागे घेतला. एक चाक टेकलं, मग दुसरं. नाक अलगद खाली आलं.

विमान थांबलं तरी आई मोजतच होती. राखणदार धावत आला आणि धापा टाकत म्हणाला, मोजा उडाला, मोजा उडाला म्हणून केव्हाचा ओरडतोय, तुम्हाला ऐकू कसं येत नाही?

आईनं डोळे उघडले. बोडक्या खांबाकडे बराच वेळ पाहिलं.

"एकच लागतो ना तुमच्या खांबाला?"

"एकच."

तिनं पिशवीतून बाबांच्या मापाचा एक लोकरी मोजा काढला.

"मग हा घ्या. दुसरा राहिलाच विणायचा."